ते पाणी आईनं आणलेलं (आजचं चिंतन : गीता ३.१२)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला बारावा. आशय साधा आहे. यज्ञाने संतुष्ट झालेले देव आपल्याला हवं ते देतात, पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर. भगवंत इथे ‘स्तेन’ हा शब्द वापरतात. अज्ञानी नाही, आळशी नाही, सरळ चोर. इतकी वर्षं पाठ करताना हा शब्द दुसऱ्या कुणासाठी आहे असं धरून मी पुढे जायचो. लाच खाणारे, टॅक्स बुडवणारे वगैरे. मी बिलं वेळेवर भरणारा माणूस.

मार्चच्या पहिल्या वीकेंडला आम्ही चौघं मित्र शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या बॅकवॉटरजवळ टेंट लावून राहिलो. जागा तिथल्याच एका शेतकऱ्याची. खर्डी स्टेशनला उतरायचं, तिथून जीप, आणि शेवटचा टप्पा पायी. दोन महिने रिलीजच्या मागे लागून डोकं नुसतं भणभणत होतं. इथे मोबाइलला रेंज नाही. सागाची पानं गळालेली, त्यावर पाय पडला तरी दचकायला होईल इतकी शांतता. पळस फुललेला. संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून जपाला बसलो तर माळ कधी संपली कळलंच नाही. घरी चौथ्या मण्याला ऑफिस आठवतं. मनात आलं, देव भेटायला असं कुठेतरी यावं लागतं.

रात्री त्यांच्याकडची तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी खाल्ली. मग शेकोटी. अकराच्या सुमारास झोपायला निघालो. उन्हाळ्याच्या तोंडावर जंगल कोरडं असतं, ठिणगी उडाली तर वणवा लागेल, म्हणून मी मोठ्या जबाबदारीने उठलो आणि आमच्यासाठी ठेवलेल्या हंड्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. अर्धा हंडा तरी असेल.

शेतकऱ्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेजारीच होता. तो म्हणाला, “दादा, माती टाकायची ना. ते पाणी आईनं आणलेलं.”

ओरडून नाही बोलला. एखाद्याला बुटाची नाडी सुटल्याचं सांगावं तसं. त्याची आई चुलीपाशी भांडी आवरत होती. तिने ऐकलं, पण वर पाहिलं नाही.

पाणी आणलं कुठून, हे सकाळी कळलं. पाड्याची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. मग टँकर येईल तेव्हा तो विहिरीत पाणी सोडतो आणि बायका ते शेंदून, हंडे डोक्यावर घेऊन चढ चढतात. समोर एवढा तलाव असताना? मी विचारलंच. तलाव खाली, पाडा वर. काठावर चिखल, उन्हाळ्यात पाणी आणखी मागे सरकतं, आणि ते गाळल्या-उकळल्याशिवाय प्यायचं नाही. आम्ही चौघांनी आदल्या दिवसात किती हंडे संपवले, हे मी मोजायला घेतलं आणि थांबलो.

आता हे पाणी जातं कुठे, ते बघा. भातसाचं पाणी नदीतून खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईत येतं. मुंबई रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी घेते, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसाही शहापुरातच, ते १८९२ पासून शहराला पाणी देतंय. आणि याच तालुक्यातल्या गावापाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मी मुलुंडला राहतो. म्हणजे ज्या तलावाकाठी मी दोन दिवस ‘निसर्गात’ गेलो होतो, तो रोज सकाळी माझ्या बादलीत येतोच.

आमच्यातला एकजण डोंबिवलीचा. तो म्हणाला, “मी तुमच्या भातसाचा नाही रे, मी बारवीचा.” म्हणजे इकडे शहापूर नाही, तर तिकडे मुरबाड-बदलापूरचा डोंगर. त्या धरणाची उंची वाढवताना गावं उठली होती, हे त्याला ठाऊक होतं. मग तोच पुढे म्हणाला, “एवढ्या शहराला पाणी लागणारच ना? तू एक बादली वाचवलीस म्हणून इथे नळ येणार आहे का?”

नाही येणार. मी इंजिनिअर आहे, मला माहितीये. पाइपातून पाणी एकाच दिशेने जातं. मुलुंडमध्ये बंद केलेला शॉवर पाड्याच्या चढावर पोचत नाही. त्यासाठी पंप लागतात, वीज लागते, नाहीतर आणखी उंचावरचा स्रोत लागतो. म्हणूनच तर शहापूरसाठी पाणी इगतपुरीकडच्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने आणायची योजना आखली गेली. धरणं बांधली हे चुकलं, असंही मी म्हणणार नाही. मोडकसागराला ज्यांचं नाव आहे ते नानासाहेब मोडक मुंबई महापालिकेचे इंजिनिअर होते. त्यांच्यासारख्यांनी केलेल्या कामावर माझ्यासकट कोट्यवधी लोक जगतायत.

मग मी चोर कसा? बिल तर भरतो.

परतीच्या कसारा लोकलमध्ये हेच घोळत होतं. बिल भरलं की हिशेब मिटतो, म्हणून आपल्याला बिल आवडतं. पण पुढच्या चार श्लोकांत भगवंत हिशेबाबद्दल बोलतच नाहीत, चक्राबद्दल बोलतात. प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. हे चक्र जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. माझं बिल पालिकेकडे जातं. पाड्यावर त्यातलं काही वळत नाही. तिथलं चक्र माझ्या नळापाशी येऊन थांबतं.

गंमत म्हणजे आंघोळ करताना मी रोज गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्यांना बादलीत बोलावतो. आजीने शिकवलेलं. त्यात भातसा नाही. जी खरोखर बादलीत असते, तिलाच कधी हाक मारली नाही.

लोकलमध्येच एक पोस्टही लिहायला घेतली होती, तलावाच्या फोटोसह, ‘जलदेवता’ वगैरे. त्या हंडा वाहणाऱ्या बाईंना देवी म्हणून मोकळं व्हायचा मोह मोठा असतो. हात जोडले की काही द्यावं लागत नाही. वाईट वाटून घेणं हाही एक भोगच निघाला, आणि त्यावर लाइक्स मिळाले असते. पोस्ट पुसली.

निघताना त्या घरी पाचशे रुपये जास्तीचे दिले होते, त्यांनी ते जेवणाचे समजून घेतले. गेल्या आठवड्यात शेतकऱ्याला फोन केला. टँकर चार दिवस आला नव्हता. मी म्हटलं, आम्ही मित्र मिळून एका टँकरचे पैसे पाठवतो. तो जरा थांबला. म्हणाला, “पाठवा, नाही कशाला म्हणू. पण दादा, विहिरीत गाळ साचलाय. पावसाच्या आधी काढायचाय. आमची तरणी पोरं वीटभट्टीवर गेलीत, माणसं कमी पडतात. त्याला येताय का?”

मेच्या तिसऱ्या रविवारी जायचं ठरलंय. डोंबिवलीवालाही येतोय, तोंड वाकडं करून. सध्या सहाजण आहोत, दहा झालो तर एका दिवसात उरकेल असं तो म्हणाला. ज्यांना यायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. पहाटेची कसारा लोकल पकडायची, खर्डीला उतरायचं. फावडी, घमेली आणि दोर तिथे आहेत. पिण्याचं पाणी मात्र आपलं आपण न्यायचं.