वजन, रक्तदाब आणि दोषाची वाटणी

आपल्याकडे वाढलेले वजन हा प्रकृतीचा प्रश्न कमी आणि चारित्र्याचा प्रश्न जास्त मानला जातो. पन्नाशीच्या माणसाचा रक्तदाब १५०/९५ निघाला आणि वजनकाटा नव्वदीकडे झुकला, की भोवतालची माणसे निकाल देऊन मोकळी होतात : जिभेवर ताबा नव्हता, अंगात आळस भरला होता, आता भोगा. त्याच घरात दुसरा कोणी म्हणतो, घराण्यातच आहे, नशिबात लिहिलेले कोणाला चुकले आहे? पहिल्याला सगळे पाप दिसते, दुसऱ्याला सगळे प्रारब्ध. दोघेही बोलतात कर्माच्याच भाषेत, पण कर्मविचाराची शिस्त कोणीच पाळत नाही. संचित (मागचे साठलेले), प्रारब्ध (त्यातले भोगायला लागलेले) आणि क्रियमाण (आत्ता हातून घडणारे) असे कर्माचे तीन भाग परंपरेने पाडले ते वाटणी नीट व्हावी म्हणून. या आजारापुरती ती वाटणी नेटाने केली, तर एकट्या माणसाच्या पदरी पडणारा दोष बराच कमी होतो आणि सगळ्यांनी मिळून उचलायचे काम बरेच वाढते, असे माझे म्हणणे आहे.

आधी देहात काय घडते ते पाहू. चरबीचा साठा निपचित पडून राहत नाही. तिलाही रक्तवाहिन्या लागतात, रक्त लागते, आणि हृदयाला तेवढे जास्त रक्त ढकलावे लागते. चरबीतून लेप्टिनसारखी संप्रेरके जास्त पाझरतात, आणि रक्तवाहिन्या आवळणारी मज्जासंस्था सतत चेतलेली राहते. मूत्रपिंडांभोवती साचलेली चरबी त्यांना दाबते. मग मीठ आणि पाणी पुरेसे बाहेर पडत नाही, रक्ताचे आकारमान वाढते, आणि अडलेले मीठ बाहेर काढण्यासाठी शरीर चढत्या दाबावरच काम करू लागते. पुष्कळांचा झोपेत श्वास अडतो, त्यानेही दाब चढतो. हे चाक उलटेही फिरते. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब असा, की सरासरी ५ किलो वजन उतरले तर वरचा आकडा ४ अंकांच्या आसपास उतरतो. म्हणजे वजन आणि रक्तदाब यांचे नाते कार्यकारणाचे आहे. पण या साखळीत नीती-अनीतीचा दुवा कुठेच नाही.

आता प्रारब्धाचा वाटा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू लहान, पोट लहान; पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या पुरुषांनी कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांनी ८० च्या आत ठेवावी, असे डॉक्टर सांगतात ते अशाच निरीक्षणांमुळे. ज्याने अजून एक घासही स्वतःच्या इच्छेने घेतलेला नाही, त्याच्या देहात पुढच्या भोगाची तयारी अशी आधीच सुरू झालेली असते. याला प्रारब्ध म्हणायला माझी हरकत नाही. त्याला पाप म्हणायला आहे.

चरकसंहितेत अतिस्थूल माणूस आठ निंदित देहांत गणला आहे, हा दाखला कोणी पुढे करील. पण त्याच आठांत अतिउंच, अतिठेंगू, अतिकाळा, अतिगोरा हेही आहेत, आणि उंची ही कोणाची करणी नसते. स्थूलतेची कारणे मोजताना चरक गोडधोड, दिवसाची झोप आणि व्यायामाचा अभाव यांच्या पंक्तीला बीजस्वभावही बसवतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो याच संहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय. कांपिल्य नगराजवळ, गंगेच्या काठी अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना विचारतो : माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, वय वेगळे, मग सबंध जनपद एकदम कसे आजारी पडते? आत्रेयांचे उत्तर असे, की वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना सामाईक असतात. ते बिघडले की माणसामाणसांतला फरक उरत नाही. आणि हे बिघडण्याच्या मुळाशी अधर्म असतो, जो राज्य चालवणाऱ्यांपासून सुरू होऊन खाली झिरपतो. साथींसाठी सांगितलेला विचार रक्तदाबाला लावणे ही ओढाताण नाही का? नाही, कारण प्रश्न तोच आहे. गावोगावी एकाच काळात कंबरा आणि रक्तदाब वाढत असतील, तर सगळी गावे एकाच पिढीत बेताल झाली असे मानायचे, की सामाईक काही बदलले ते शोधायचे?

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवमध्ये तर देश आणि उदक दोन्ही शब्दशः बदलले. भीमेवरचे ११७ टीएमसीचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे देऊळ आता पाणी फार ओसरले तरच उघडे पडते. गाव उठवायचा निर्णय गावकऱ्यांनी घेतलेला नव्हता. ज्या मुलुखाने १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर आणि परदेशी मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्याच मुलुखात पुढे उसाचे फड आणि साखर कारखाने उभे राहिले. विहिरीवर मोट जाऊन मोटर आली, बांधापर्यंत दुचाकी गेली, ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा वाटा घटला आणि पुणे-सोलापूर रस्त्याला ढाबे लागले. यातल्या कितीतरी गोष्टी चांगल्याच झाल्या, कष्ट कमी होणे हे काही पाप नाही. पण टंचाईसाठी घडलेला देह एकाच पिढीत मुबलकतेत येऊन पडला.

त्यात सद्गुणही वजन वाढवतात, हे आपण बोलत नाही. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी चार घास भात आणि वाटीभर कालवण उरते. टाकवत नाही म्हणून घरातली बाई भूक नसताना ते निपटून खाते. वर खारवलेली मिरची, पापडाचा तुकडा. त्यात हाव कुठे आहे? एकादशीची साबुदाण्याची खिचडीही तशीच : संकल्प उपवासाचा, ताटात पिष्ट, तूप आणि दाण्याचे कूट.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप योगवासिष्ठाच्या बाजूने येतो. दैव म्हणजे जुनाच पुरुषार्थ, आजचा पुरुषार्थ त्याला हटवू शकतो, असा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. मग दोष काढून घेतला तर माणूस हातपाय गाळणार नाही का? मला उलट दिसते. दोष मागे पाहतो, कर्तव्य पुढे पाहते. सुटलेला बाण परत घेता येत नाही, हातातला कसा सोडायचा ते ठरवता येते, हा वेदान्तातला दृष्टान्त नेमके हेच सांगतो. ज्याला हिणवले जाते तो दवाखान्याची पायरीच टाळतो, आणि रक्तदाब बहुधा काही दुखवत नाही, त्यामुळे टाळणे सोपे जाते. चरकाच्या विमानस्थानातल्या त्याच अध्यायात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे; सगळे ठरलेलेच असते तर औषधाला अर्थ उरला नसता. सडपातळ माणसालाही रक्तदाब होतो आणि जाड माणूस कधी त्यातून सुटतो, हेही खरे. म्हणूनच देहाचा आकार पाहून निकाल देऊ नये, दाब मोजावा. आणि दंड जाड असेल तर रुंद पट्ट्यानेच मोजावा, कारण अरुंद पट्टा आकडा खोटाच वाढवून दाखवतो.

क्रियमाण आहेच, पण ते एकट्याने निभावण्याची अपेक्षा आपल्या परंपरेनेही केली नव्हती. तुकोबांची पालखी दरवर्षी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापुरात येते. रोजचे कैक मैल माणसे दिंडीच्या चालीवर चालतात, निश्चयाचा भार सगळी दिंडी वाटून घेते. वर्षातले ते थोडे दिवस रक्तदाबाला पुरणार नाहीत. मात्र संयमाची सोय गावाने करायची असते हे त्यातून घेता येते : संध्याकाळी बायकांना बिनधोक चालता येईल असा रस्ता, अंगणवाडीपासून मुलींच्या आणि गरोदर बायांच्या ताटात डाळ, दूध, भाजी, सप्त्याच्या आणि लग्नाच्या पंगतीत कमी मीठ, आरोग्य केंद्रात रुंद पट्टा आणि न चुकता मिळणारी गोळी. अधर्माची सुरुवात चरकाने राज्यकर्त्यांपासून धरली. या कामाचा पहिला हिशेब त्यांच्याकडेच मागायला हवा, आणि मग वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे.