पाद्री हेलची तौबा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. १६४८ साली तिथे मार्गारेट जोन्स नावाच्या बाईला चेटकीण ठरवून फाशी दिले गेले. त्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर बारा वर्षांचा एक मुलगा तिला तुरुंगात भेटायला गेला होता. मोठ्यांनी तिला कबुलीसाठी परोपरीने विनवले. ती म्हणाली, पूर्वी एकदा चोरी केली होती, त्याचा पश्चात्तापही केला. पण चेटूक कधीच नाही. तो मुलगा जॉन हेल.

पुढे तो हार्वर्डला शिकला आणि बेव्हर्ली गावचा प्युरिटन पाद्री झाला. १६९२ मध्ये शेजारच्या सेलममध्ये मुलींना झटके येऊ लागले. अमुक बाईची छाया येऊन छळते, असे त्या सांगत आणि कोर्ट ते पुरावा म्हणून घेई. एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारले गेले. कबूल करणारे जगले, नाकारणारे मेले. हेलने या खटल्यांना साथ दिली. सर्वप्रथम फासावर गेलेल्या ब्रिजेट बिशपविरुद्ध त्याने साक्षही दिली. आपल्या मंडळीतील ज्या बाईचा मृत्यू त्याने आधी आत्महत्या मानला होता, त्यात आता त्याला चेटूक दिसू लागले. शिकलेल्या माणसाची आठवणसुद्धा वाऱ्याची दिशा पाहून बदलते!

सप्टेंबरात डॉर्कस होरला मुदत मिळावी म्हणून त्याने अर्जावर सही केली आणि ती वाचली. पण तिने कबुली दिली होती, म्हणून.

नोव्हेंबरात एका मुलीने खुद्द हेलच्या बायकोचे, सेराचे नाव घेतले. सेरा निर्दोष आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. अशीच खात्री रिबेका नर्सच्या नवऱ्याला होती. एकोणचाळीस शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने सह्या केल्या होत्या, तरी ती लटकलीच. ते विशेष कोर्ट ऑक्टोबरातच बरखास्त झाले होते. म्हणजे हेलचे डोळे पुरते उघडले तेव्हा वाचवायला त्या एकोणिसांपैकी कोणीच उरले नव्हते.

स्वतःच्या उंबऱ्याशी आग आल्यावर सुचलेला हा विवेक खरा मानायचा का? उर्दूत नदामत आणि तौबा असे दोन शब्द आहेत. नदामत म्हणजे केल्याची लाज; तौबा म्हणजे मागे फिरणे. मला वाटते, सुरुवात स्वार्थातून झाली म्हणून तौबा खोटी ठरत नाही, ती नंतरच्या वागण्यावरून ठरते. सेरावर खटला झाला नाही. हेलला गप्प बसता आले असते. बहुतेक पाद्री बसलेच. १६९७ च्या जानेवारीत न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल बोस्टनच्या चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा माफीनामा सर्वांसमोर वाचला गेला. त्यानंतर हेलने पुस्तक लिहून, आपण कोणत्या पुराव्यावर विसंबलो आणि तो कसा पोकळ होता, हे मांडले. चेटूक असते, ही श्रद्धा मात्र त्याने सोडली नाही. आर्थर मिलरच्या १९५३ च्या नाटकातला हेल जास्त धीट आहे. तो खटला चालू असतानाच कोर्ट सोडून जातो. खऱ्या हेलला तेवढे जमले नाही.

तो १७०० मध्ये वारला, पुस्तक १७०२ मध्ये छापले गेले. तुरुंगातली ती बाई, तिची चोरी आणि तिचा ठाम नकार त्याने त्यात नोंदवून ठेवला आहे. ते छापून आले चौपन्न वर्षांनी.