झाकलेले काम



पांढुर्णा आणि सौसर ही कापसाची व संत्र्याची काळी भूमी. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन हे दोन्ही तालुके नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. येथील काळी माती पिकाची माउली आहे. घराशी मात्र तिचे जमत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बसविलेली फरशी स्थिर कशी राहील?

गतवर्षी श्रावणात सौसरकडील एक गृहस्थ दर्शनास आले. अक्षय्य तृतीयेला त्यांनी नव्या घरात प्रवेश केला होता. पहिल्याच पावसात बैठकीची फरशी एका कोपऱ्यात बसली. काठीने ठोकली तर पोकळ वाजे. न्हाणीघरातील पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येई आणि मागच्या भिंतीला ओल धरली होती. ते म्हणाले, "स्वामीजी, ठेकेदाराचा शेवटचा हप्ता मी दाबून ठेवला आहे. आता एक पैसाही देणार नाही." आम्ही विचारले, "बाबा, मजुरांचे काय?" ते म्हणाले, "ते त्याने पाहावे." पोळा आठ दिवसांवर आला होता आणि त्या मजुरांच्या घरी मजुरी पोचली नव्हती.

वाचकहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. ती एका दिवसात संपते. घरमालक आणि मिस्त्री यांची गोटमार मात्र वर्षानुवर्षे चालते, आणि तिचे दगड बहुधा तिसऱ्यालाच लागतात.

आमच्या सांगण्यावरून ठेकेदारास बोलावून चार जणांसमक्ष तीन फरश्या उचलण्यात आल्या. खाली मुरूम नव्हता, पायाच्या खोदाईत निघालेली काळी मातीच होती. ठेकेदार खाली मान घालून म्हणाला, "भराव मीच टाकला. पण मुरमाचा खर्च वाचवा, निघालेली मातीच भरा, असे मालकांनीच सांगितले होते." गृहस्थ निरुत्तर झाले. मुहूर्त गाठायचा म्हणून भिंतीतील नळही न तपासता गिलाव्याखाली झाकले होते, हेही त्यांनी मग कबूल केले. ज्या शरणांनी आपल्याला पंचांगाच्या भयातून सोडविले, त्यांचीच लेकरे आपण; आणि मुहूर्तासाठी घराचा पाया कच्चा ठेवतो!

येथे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याचे स्मरण होते. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. लक्कम्मांनी ते स्वीकारले नाहीत. अधिकचे परत टाकून येण्यास पतीला सांगितले. विचार करा, ते अधिकचे तांदूळ कोणी मोजणार होते काय? जे कोणी पाहत नाही तेथेही चोख राहणे, हे कायकाचे मर्म आहे. फरशीखालचा भराव आणि भिंतीतला नळ ही अशीच न दिसणारी कामे. तेथे चोरी करणारा मिस्त्री कायकाला मुकतो. आणि मुरमाचे पैसे वाचवून तीच चोरी करविणारा मालकही मुकतो.

म्हणून घर बांधणाऱ्यांनी झाकण्यापूर्वी पाहावे. जोत्यात मुरूम सुमारे वीतभर जाडीच्या थरांनी भरावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकावा. गिलाव्यापूर्वी नळात पाणी भरून, पंपाने दाब चढवून काही तास थांबावे. काटा उतरला तर कोठेतरी सांधा गळतो आहे हे समजावे. न्हाणीघरात फरशीपूर्वी एक-दोन दिवस पाणी साठवून खालच्या व बाजूच्या भिंती पाहाव्यात. जाळीकडे दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार ठेवावा. तराईत कसूर करू नये. दर, माल आणि मुदत कागदावर लिहून घ्यावी, पावत्या जपाव्यात.

एवढे करूनही कोणी फसविले तर मुकाट्याने सोसणे हा धर्म नव्हे. घरबांधणी ही ग्राहकाला दिलेली सेवा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितले आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ते आहे. सदोष कामाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. परंतु ठेकेदाराशी भांडण आहे म्हणून पाट्या वाहणाऱ्या बाईची मजुरी अडविणे, याला न्याय म्हणता येणार नाही. घाम वाळण्यापूर्वी तिचा पैसा तिच्या हाती पडला पाहिजे.

त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी मजुरांची मजुरी चुकती केली. मुरमाचा खर्च त्यांनी सोसला. उखडण्याची आणि पुन्हा बसविण्याची मेहनत ठेकेदाराने विनामोबदला केली. भिंत फोडून गळका सांधाही बदलला. हप्त्याची उरलेली रक्कम काम पूर्ण झाल्यावर दिली. पोळ्याला त्या मजुरांच्या चुली पेटल्या, आणि दिवाळीत त्याच बैठकीत गृहस्थांनी त्या सर्वांना पंक्तीला बसवून जेवू घातले. त्या घराचा खरा प्रवेश त्या दिवशी झाला, असे आम्ही मानतो.

बंधू-भगिनींनो, पूजेच्या वेळी इष्टलिंग तळहातावर घेता, तेव्हा त्याच हाताने दिवसभरात काय झाकले, ते क्षणभर आठवा. फरशीखालचे दुसऱ्या कोणाला दिसत नाही; ज्याने झाकले त्याला ते ठाऊक असते.

शरणु शरणार्थी!