दुसऱ्या पावलांचा आवाज

बसा.

जमिनीवर बसता आलं तर जमिनीवर. खुर्चीवर बसलात तरी चालेल, पण तळपाय खाली टेकू द्या. चपला काढा.

लक्ष तळपायांकडे न्या.

फरशी गार लागते का? सतरंजी खरखरते का? आधी टाच कळते की बोटं?

तिथेच राहा थोडा वेळ.

श्वास आपला आपण येतोय, जातोय. त्याला काही सांगायला नको.

आता एक रस्ता बघा.

मुखेडहून जांबकडे जाणारा. अजून फटफटलेलं नाही. दिवाळी झाली, भाऊबीज उरकली, कार्तिकातली षष्ठी आहे. वीरभद्राच्या देवळापुढं नारळ फुटलाय. कपाळावरची विभूती ओली आहे, वारा लागला की गार वाटते.

पुढं पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची वाट. जांब, शिरूर ताजबंद, अहमदपूर, किनगाव, अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा. मग दरीत उतरून कपिलधार. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला तिथं पोचायचं.

हा रस्ता माझा आहे. तुम्ही तो घ्या.

शेजारी माझा मित्र चालतोय. त्याच्या जागी तुमचा आणा.

चाला.

*

उजाडतं. सूर्य पाठीशी येतो, कारण आपण मावळतीकडे निघालोय.

समोर रस्त्यावर दोन सावल्या पडतात. लांब, बारीक, डोक्याला उपरणं गुंडाळलेल्या. आपल्याआधी त्या पुढच्या गावाकडं निघालेल्या असतात.

त्या दोघींकडे बघा.

एक थोडी उंच, एक थोडी वाकलेली. मधेच एकमेकींत मिसळतात. मग पुन्हा दोन होतात.

दोन्ही बाजूंना रानं. सोयाबीन निघून गेलंय, त्याची बुडखं तेवढी उरलीत. तूर पिवळ्या फुलावर आहे. कापूस फुटलाय. नुकत्या उगवलेल्या ज्वारीच्या पात्यावर दव आहे, आणि ऊन पडलं की सगळं रान क्षणभर चमकून जातं.

क्षणभरच. तेवढ्यात बघायचं.

श्वास घ्या. ओल्या मातीचा वास येतो का?

मागं टाळ वाजताहेत. कुणीतरी मन्मथ माउलीचा गजर करतंय. आपण दोघं थोडे पुढं आलोय. बोलणं पहिल्या दोन मैलांत संपलं. घरचं, पिकाचं, पोरांच्या शाळेचं, सगळं बोलून झालं.

आता नुसतं चालणं.

*

आता ऐका.

टप्. चट्. टप्. चट्.

ही माझ्या मित्राची पावलं. त्याच्या डाव्या चपलेचा तळ टाचेकडून सुटलाय. पाऊल उचललं की तो लोंबतो, आणि खाली येताना टाचेवर आपटतो. चट्.

आधी हा आवाज कानाला टोचतो. दोन दिवस टोचत राहतो.

तिसऱ्या दिवशी कळतं की आपण त्याच आवाजावर चालायलोय. तो हळू झाला की आपण हळू. तो थांबला की आपले पाय विचारल्याशिवाय थांबतात.

ऐका.

टप्. चट्.

आवाजाला काही अर्थ लावू नका. एक चप्पल आहे, एक रस्ता आहे, आणि शेजारी एक माणूस आहे.

टप्. चट्.

*

अहमदपूरला भक्तिस्थळावर क्षणभर उभं राहा. हे ठिकाण शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकरांचं. ते १ सप्टेंबर २०२० ला गेले, वयाची शंभरी ओलांडून. वैद्यकी शिकलेला हा साधू. या भागातल्या कितीतरी पायांना कपिलधारची वाट त्यांच्या मागं चालून ठाऊक झाली.

हात जोडा. निघा.

*

मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात. पंगत उठलीय. भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. हाताला अजून ठेच्यातल्या लसणाचा वास आहे.

माझ्या उजव्या टाचेला फोड आलाय. चिंचोक्याएवढा, ताणलेला, आत पाणी.

मित्र माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतो. मी ओढून घ्यायला बघतो. मोठ्या माणसाला पाय कसा लावायचा? तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे.

"गप बस," तो म्हणतो.

सुईत पांढरा दोरा ओवतो. सुई काडीच्या आगीवर धरतो. मग फोडाच्या एका कडेनं आत, दुसऱ्या कडेनं बाहेर. दुखत नाही. दोरा आत तसाच ठेवतो, दोन्ही टोकं बोटभर बाहेर. त्या दोऱ्यावरून पाणी निथळत राहतं, कातडी जागेवर राहते. वर खोबरेल तेलाचं बोट.

इथं थांबा.

त्याचं बोट बघा. नखात काळी माती आहे, कापूस वेचून वेचून शेंड्याला चिरा पडल्यात. तेच बोट किती हलकं फिरतंय.

"दुखायलंय का?"

"नाही. तुझे पाय दुखायलेत का?"

"नाही."

दोघंही खोटं बोलतोय. दोघांनाही ठाऊक आहे.

तळपायाकडे परत या. तुमच्या. तिथं आत्ता काय आहे?

ऊब? मुंग्या? काहीच नाही?

काहीच नसलं तरी तिथंच राहा.

*

पहाटे जाग येते तेव्हा तो आधीच उठून बसलेला असतो. अंघोळ झालीय. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलंय. नजर त्याच्यावर.

मी बघत राहतो. माझी पूजा अजून व्हायचीय, पण मी बघत राहतो.

तुमचाही डावा हात उघडा. तळवा वर. हात मांडीवर टेकू द्या.

हातात काही असायला पाहिजे असं नाही. तळव्यावर हवा टेकते, तेवढं जाणवू द्या.

नजर तळव्यावर.

एक श्वास.

आणखी एक.

व्हरांड्याबाहेर कुणीतरी चूल पेटवतंय. मुरमुऱ्यांच्या सुशीलेची फोडणी पडते, कढीपत्ता तडतडतो. आज न्याहारीला सुशीला आहे. दिवस चालू होतो. तळवा उघडाच राहू द्या थोडा वेळ.

*

संध्याकाळी चंद्राकडे बघायची सवय लागते.

निघालो त्या दिवशी तो मावळतीला होता, नखाहून थोडा जाड. अहमदपूर मागं पडलं तोवर अर्धा भरला. रोज सूर्य बुडतो तेव्हा तो आदल्या दिवसाहून उगवतीकडं सरकलेला असतो, आणि थोडा भरलेला.

रस्ता किती उरला ते मैलाचे दगड सांगतात. मी मात्र चंद्र बघून सांगतो. एवढा कमी, म्हणजे एवढं चालायचं राहिलं.

अंबाजोगाईला तो बराच भरलेला दिसतो. इथं मुकुंदराजांची समाधी आहे, शके १११० मध्ये विवेकसिंधु लिहिणाऱ्यांची. मराठीत इतकं जुनं बोलणारा माणूस याच डोंगरात विसावलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं. पाय दुखत असतात, आणि तरी मी त्या दिशेला तोंड करून उभा राहतो.

मित्र वाट बघत थांबतो. काही विचारत नाही.

*

केजला एक चांभार चपलेला दोन टाके घालून देतो. पैसे घेत नाही. "कपिलधारला चाललाव, मग राहू द्या," म्हणतो.

आम्ही पुढं निघतो.

टप्. टप्. टप्. टप्.

माझी चाल बिघडते. मी पुढं जातो, मागं राहतो. दोनदा वळून बघतो. तो आहे तिथंच आहे.

आपल्याला आवाज आवडत होता हे आवाज गेल्यावर कळतं. ते तसंच असू द्या. हळहळू नका. नुसतं लक्षात घ्या, की कान काहीतरी शोधताहेत.

आत्ताही शोधताहेत का?

काय शोधताहेत?

नेकनूरच्या अलीकडं टाका सुटतो.

चट्.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि भर रस्त्यात उभं राहून हसतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो. उसाचा एक ट्रॅक्टर हळू होतो, चालवणाराही हसतो आणि पुढं जातो.

*

आता सावकाश.

मांजरसुंब्यापासून रस्ता वळतो. बालाघाटाचे उघडे माळ, मधे अचानक खोल गेलेली दरी. माणसांची रीघ लागलीय. लातूरकडची, परभणीकडची, कर्नाटकातली, तेलंगणातली. भगव्या झेंड्यांनी दरीची कड हलतेय.

पायऱ्यांच्या वर चपला काढायच्या.

काढल्या.

चार चपला शेजारी शेजारी. त्याच्या डावीचा तळ उघड्या तोंडासारखा वर आलेला. नऊ दिवस ज्याच्यावर चाललो, तो आवाज इथं वर राहणार.

पायऱ्या उतरा. अनवाणी.

दगड गार आहे. एका पायरीवर पाणी सांडलंय. पुढची कोरडी. टाचेत अजून दोरा आहे, तो पायरीला घासतो.

आता त्याची पावलं ऐकू येत नाहीत. गर्दी आहे, टाळ आहेत, घोष आहे. तरी त्या सगळ्यातून एक बारीक गोष्ट ऐकू येते. त्याचा श्वास. धापेचा. माझ्या डाव्या खांद्याच्या मागं.

तोच ऐका.

खाली कड्यावरून पाणी पडतंय. श्रावणातला जोर ओसरलाय. आता धार बारीक आहे, वारा आला की वाकडी होते, मग पुन्हा सरळ.

धारेकडे बघा. पाणी पडतं, आणि धार जागच्या जागी राहते.

बघत राहा.

मन्मथस्वामी सोळाव्या शतकातले. परमरहस्य त्यांनी मराठीत लिहिलं, आपल्या बोलीतल्या माणसांना कळावं म्हणून. आमच्या गावात त्याची पारायणं होतात. आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या आत कुठंतरी आहेत. समाधीपुढं उभं राहिलो की त्या आठवतील असं वाटलं होतं.

एकही आठवत नाही.

डोकं टेकलंय. कपाळाला गार दगड. मागं रांग आहे, कुणीतरी हळूच "चला, चला" म्हणतंय. शेजारी दुसरं एक डोकं टेकलेलं आहे.

एवढंच.

इथं राहा. कपाळाला गार दगड.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

बाहेर येऊन आम्ही पाण्यात पाय सोडून बसतो. पाणी इतकं गार की आधी भाजल्यासारखं वाटतं, मग काहीच वाटत नाही.

तो वाकतो आणि माझ्या टाचेतला दोरा हळूच ओढून काढतो. दोरा पाण्यावर तरंगत जातो.

"झालं," तो म्हणतो.

फोडाचं म्हणतोय की वाटेचं, कळत नाही. मी विचारत नाही.

वर पौर्णिमेचा चंद्र येतो. भरलेला. आता चंद्र बघून सांगायला काही उरलेलं नाही.

या उरलेलं नसण्यापाशी जरा बसा. पाय थांबलेत, पण मांड्यांमध्ये अजून चालणं चालू आहे. रात्री झोपेतसुद्धा पाय हलतात. नऊ दिवसांची चाल एका क्षणात थांबत नाही, ती अंगातून हळूहळू उतरते.

उतरू द्या. घाई करू नका.

*

परतीला एसटी. वाटेत गाडी बदलायची. खिडकीला डोकं टेकवून बसतो.

नऊ दिवसांची वाट दुपारभरात उलटी जाते. केज. तो चांभार दिसतो का बघेपर्यंत गेलं. अंबाजोगाई. किनगाव. शाळेचा व्हरांडा, तिथं आता पोरं खेळताहेत. ज्या लिंबाखाली अर्धा तास पडून होतो, तो लिंब डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागं.

ज्या ज्या जागी पाय ठेवला, तिथं पाय अजून आहे असं वाटतं.

मित्र झोपलाय. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलंय. गाडी खड्ड्यात गेली की डोकं उचलतं आणि परत तिथंच येतं.

खांदा हलवू नका.

*

मुखेड. दिवस बुडालाय. स्टँडबाहेर भज्यांचा वास, रिक्षावाल्यांच्या हाका. आम्ही चौकापर्यंत सोबत येतो. तिथून त्याची गल्ली डावीकडं, माझी सरळ.

पडशी या खांद्यावरून त्या खांद्यावर. दोघंही उगीच उभे.

"बरं, येऊ का?"

"ये."

"उद्या?"

"उद्या रानात जायचंय. कापूस वेचायला बायका बघायच्यात."

"बरं."

तो वळतो.

तुम्हीही थांबा इथं. चौकात. हात मोकळे सोडा. मोटारसायकली जातील, कुणी ओळखीचं हाक मारील. ओ द्या आणि परत कान तिकडं लावा.

टप्. चट्.

गल्लीतल्या फरशीवर आवाज वेगळा येतो. जरा पोकळ.

टप्. चट्.

आता तो पिठाच्या गिरणीशी पोचला असेल.

चट्.

ऐकू येतंय तोवर ऐका. मग घराकडं वळा.