ओळख द्यावी की न द्यावी?

काठमांडूस पशुपतिनाथाच्या दर्शनास गेलो असता, एका भोजनालयाच्या मागील दारी सौंसरच्या शाळेतील आमचा सोबती भांडी घाशीत बसलेला दिसला. तब्बल १० वर्षांनी! आम्ही हाक मारली. त्याने मान फिरविली. त्याची लाज राखावी म्हणून आम्ही मुकाट्याने निघालो.

द्रुपदाने द्रोणास झिडकारले, तेथे दोष ऐश्वर्याचा, हे उघड आहे. येथे तर दैन्यच ओळख नाकारीत होते. परंतु द्वारकेत सुदामाही पोहे लपवीतच होता. श्रीकृष्णांनी ते ओढून घेतले. मग आमचे ते सौजन्य होते, की केवळ सोय?

परतल्यावर पांढुर्ण्याच्या बाजारात त्याच्या मातोश्री भेटल्या. "नेपाळात आमचा पोरगा दिसला का रे, बाबू?" आम्ही "नाही" म्हणालो.