शुचिता आणि विल्होळीची क्षेत्रभेट

शाळेने वीजकेंद्राची क्षेत्रभेट काढली की ती विज्ञान-भूगोलाच्या खात्यात जमा होते. मुले संचांची क्षमता वहीत उतरवून घेतात, परत आल्यावर अहवाल लिहितात आणि विषय तिथेच मिटतो. नाशिकपुरते बोलायचे तर अशा भेटींत धर्माचाही एक प्रश्न आहे आणि तो वगळून केलेली भेट अर्धीच राहते, असे माझे म्हणणे आहे. प्रश्न शुचितेचा आहे. जे आपण घाण म्हणून दूर लोटतो त्याच्याशी आपला संबंध खरोखर तुटतो का, आणि ते उचलण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांचे आपण काय देणे लागतो?

नाशिककराला वीज म्हटली की एकलहरे आठवते. तिथले पहिले संच 1970-71 चे. ते केव्हाच निवृत्त झाले आणि आता 210 मेगावॉटचे तीन, म्हणजे 630 मेगावॉट उरले आहेत. विल्होळीला महापालिकेने 2017 साली जर्मनीच्या जीआयझी या संस्थेच्या साहाय्याने उभारलेला वीजप्रकल्प त्यापुढे नगण्य आहे. रोज 30 टन माल पचवून साधारण 3,300 युनिट वीज, ही त्याची नियोजित क्षमता. एकलहरेचे तिन्ही संच पूर्ण भारावर असतील तर एवढी वीज वीस सेकंदांच्या आत तयार होते. वीज किती, एवढेच पाहायचे असेल तर विल्होळीला मुले नेण्यात अर्थ नाही. पण एकलहरेला येणारा कोळसा शेकडो किलोमीटरवरच्या खाणींतून रेल्वेने येतो, राख तलावात जाते, आणि या साखळीत मुलाला स्वतःचा हात कुठेच दिसत नाही. विल्होळीचा कच्चा माल आपलाच असतो: हॉटेलांतले उष्टे-खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतला मैला. तो मैला टँकरने येतो. ओल्या कचऱ्यातून प्लास्टिकचे चमचे, पिशव्या, चकाकत्या कागदाचे तुकडे आधी वेगळे काढावे लागतात, नाहीतर यंत्र अडते. उरलेला भात-भाजीचा लगदा मैल्याशी मिसळून बंद टाकीत जातो, हवेवाचून जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. वायूतला गंधकाचा अंश काढून टाकला की तो इंजिनात जळतो आणि वीज होते. मागे राहते ते खत.

आता गीतेचा तिसरा अध्याय आठवा. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, कर्मापासून यज्ञ, असे एक चक्र तिथे सांगितले आहे; ते पुढे न चालवता केवळ भोगत राहणाऱ्याचे जगणे तिथे व्यर्थ ठरवले आहे, आणि मिळालेले परत न देता खाणाऱ्याला चोर म्हटले आहे. या विचारात घाण हा शेवटचा थांबा होऊच शकत नाही. जे घेतले ते कुठेतरी परतले पाहिजे. विटाळाच्या व्यवहाराने नेमके हेच चक्र तोडले. घेणाऱ्याला शुद्ध ठरवले, परत पोहोचवणाऱ्याला अशुद्ध. नाशिकला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, जवळपास पाच वर्षे चालला आणि तरी दार उघडले नाही. विटाळाचे नियम मुळात आरोग्यासाठी होते, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेकडे नीट पाहावे. सत्याग्रही गोदावरीच्या रामकुंडावर स्नान करून आले असते तरी त्यांना आत घेतले गेले नसते; अडसर अंगावरच्या मळाचा नव्हता, जन्माचा होता. उलट आरोग्याचा खराखुरा विचार ज्यांनी केला, त्यांनी मैल्याकडे पाठ फिरवली नाही. डॉ. मापुसकरांनी तुकोबांच्या देहूत शौचालये बांधली आणि ती बायोगॅसला जोडली; त्या वायूवर तिथे स्वयंपाक झाला. त्याआधी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे प्रयोग केले होते. देहूसारख्या भक्तीच्या गावात हे घडले, यात मला विसंगती दिसत नाही.

यावर असे म्हटले जाईल की यंत्र आल्यावर हा प्रश्न आपोआप सुटतो, मुलांना नाक दाबून तिथे उभे करण्याचे कारण काय? प्रश्न सुटत नाही. टँकरची नळी कोणीतरी लावतो, चमचे कोणीतरी वेचतो. हाताने मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात उतरून माणसे मरतात. यंत्राने काम हलके होते, पण कामाबद्दलची किळस करणाऱ्याला चिकटलेलीच राहते, आणि तिच्यावर उपाय यंत्रात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्रकल्पाला पावित्र्य दिले की त्याला प्रश्न विचारणे बंद होते. नेहरूंनी भाक्रा-नांगलला आधुनिक तीर्थ म्हटले, आणि धरणांखाली गेलेल्या गावांचे दुःख कितीतरी वर्षे त्या तेजात झाकले गेले. हा धोका मला मान्य आहे. म्हणून विल्होळीला हार घालावा असे मी म्हणत नाही. आज किती टन माल आला, किती युनिट वीज झाली, यंत्र किती दिवस बंद होते, हे मुलांनी विचारलेच पाहिजे; उत्तर अडचणीचे असेल तर तेही वहीत उतरले पाहिजे. शाळा धर्मनिरपेक्ष आहे, तिने यात पडू नये, असे कोणी म्हणेल. पण मूल शाळेत येते तेच शिवायचे काय आणि शिवायचे नाही काय हे घरून शिकून. शाळा गप्प बसली तर तेच शिक्षण कायम होते.

2027 मध्ये सिंहस्थ भरेल. लाखो माणसे गोदावरीत उतरतील, आणि तितक्याच माणसांसाठी तात्पुरती शौचालये उभी राहतील, टँकर आणि घंटागाड्या रात्रंदिवस धावतील. तोवर नाशिकच्या शाळांनी रामकुंड आणि विल्होळी एकाच दिवशी दाखवायला हरकत नाही. आधी घाट, मग टाकी. विल्होळीला माहिती सांगायला फक्त अभियंता नको. कचरा वेचणाऱ्या बाईंनीही मुलांशी बोलावे, त्या वेळेचा त्यांचा पगार कापला जाऊ नये, आणि हातमोजे किती दिवसांनी बदलून मिळतात, हा प्रश्न मुलांनी त्यांना नक्की विचारावा.