परतीचं ओझं

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात फ्रँक चर्च नावाचं अफाट अरण्य आहे. सुमारे साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख १९८० साली राखीव झाला. १९६४ च्या तिथल्या अरण्य कायद्यामुळे आत गाडी नेता येत नाही, सायकल नेता येत नाही, इतकंच काय, शिकारीचं मांस ओढून आणायची एकचाकी हातगाडीसुद्धा चालत नाही. खेचरं भाड्याने घ्या, नाहीतर स्वतःची पाठ वापरा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद झालं, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे शिकार म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते आणि भिंतीवरचं मुंडकं आठवतं. आयडाहोतल्या साध्या घरांत मात्र शिकार म्हणजे हिवाळ्याची बेगमी. हंगाम ठरलेला असतो आणि परवान्याबरोबर जनावरामागे एक टॅग घ्यावा लागतो. एल्क हा सांबराच्या नात्यातला, पण त्याहून थोराड प्राणी. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी शंभरेक किलो मांस उरतं. चारही तंगड्या आणि पाठीचं मांस आणलंच पाहिजे, टाकून आलात तर गुन्हा. मानेचं आणि बरगड्यांचं मांस आणायचं की नाही, हे कायद्याने माणसाच्या मनावर सोडलं आहे.

या अरण्याच्या जवळ, सॅमन नावाच्या गावात, एक काका राहत होते. त्यांचा पुतण्या बॉयसी शहरात नोकरीला होता. पहिल्यांदाच शिकारीला जायचं म्हणून त्याने ऑगस्टमध्ये नवी सॅक घेतली आणि काकांना दाखवायला आणली. सॅक देखणी होती. वजन दीड किलोही नव्हतं. दुर्बिणीला वेगळा कप्पा, पाण्याच्या नळीला वेगळी वाट, जागोजागी चेन. दुकानात आरशासमोर उभं राहून त्याने ती पाठीला लावून पाहिली होती आणि ती अंगाला चपखल बसली होती.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी परसातून वाळू आणली, जाड पिशवीत भरली, तराजूच्या आकड्याला अडकवली. तीस किलो.

"एल्कची मागची एक तंगडी हाडासकट साधारण एवढी होते," ते म्हणाले. "घाल आत, आणि त्या टेकाडावर जाऊन ये."

पुतण्या निम्म्यातूनच परतला. वाळू तळाशी जाऊन बसली होती, सॅक पाठीवर आदळत होती आणि कंबरपट्टा कंबरेच्या हाडांवरून सरकून पोटावर चढला होता. सगळा भार खांद्यांवर पडला होता. पट्ट्यांखाली कातडी लाल झाली होती.

काकांनी त्याला मान खाली घालायला लावली. मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथे टेपचं टोक धरलं आणि कंबरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत मोजलं. एकवीस इंच. सॅक होती अठरा इंचांच्या पाठीची. उंच माणसाची पाठ लांब असेलच असं नाही आणि बुटक्याची आखूड असेलच असंही नाही. टेप लावल्याशिवाय ते कळत नाही.

कोठीच्या भिंतीवर काकांच्या वडिलांची, पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट टांगलेली होती. लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेलं जाड कॅनव्हास आणि खांद्यांना दोन पट्टे, बस्स. लॉइड नेल्सन यांनी १९२० च्या दशकात बाजारात आणलेल्या 'ट्रॅपर नेल्सन'च्या धाटणीची. तिला कंबरपट्टा नाही. पुतण्याने हौसेने ती पाठीला लावून पाहिली.

"वडिलांचे खांदे साठीतच गेले," काका म्हणाले. "पुढे १९५२ मध्ये डिक केल्टी या माणसाने कॅलिफोर्नियात ॲल्युमिनियमची चौकट करून विकायला सुरुवात केली, तिला कंबरपट्टा आला आणि ओझं खांद्यांवरून कंबरेच्या हाडांवर उतरलं. आज दुकानात मिळणारी चांगली सॅक त्याच विचारावर उभी आहे. बाकी कप्पे म्हणजे शोभा."

सह्याद्रीत भटकणाऱ्या आपल्या मंडळींनी इथे जरा थांबावं. ट्रेकची सॅक पहिल्या दिवशी सगळ्यांत जड असते. शिधा संपत जातो तशी ती हलकी होते, आणि आपली निवडही त्याच हिशोबाने होते. शिकाऱ्याचं उलट आहे. जाताना पाठीवर दहा-बारा किलो, येताना चाळीस, आणि ते चाळीस नेमके पाय थकल्यावर. जातानाच्या सोयीवर भाळून घेतलेली सॅक येताना दगा देते. माझ्या मते दुकानात सॅक रिकामी लावून पाहणं म्हणजे काहीच न पाहणं. भार टाकून वीस मिनिटं चालू देत नसतील, तर दुसरं दुकान शोधावं.

पुतण्याने सॅक बदलून घेतली. नवी जवळजवळ तीन किलोंची होती आणि दिसायला ओबडधोबड. पण तिची चौकट खांद्यांच्या वर चांगली चार बोटं येत होती, त्यामुळे वरचे ओढपट्टे खांद्यांकडे तिरके उतरत आणि भार पाठीला चिकटून राही. चौकट आखूड असती तर तेच पट्टे आडवे झाले असते आणि ओझ्याने त्याला मागे खेचलं असतं. पिशवी चौकटीपासून सोडवता येत होती. मधल्या जागेत मांस आवळून बांधायचं, म्हणजे जड वस्तू पाठीच्या कण्याला लागून, खांद्याच्या फऱ्यांमध्ये येते आणि कपडे रक्ताने भिजत नाहीत. तीच तीस किलो वाळू घेऊन तो टेकाडावर जाऊन आला. कंबर दुखली, पण खांदे मोकळे होते. त्याला वाटलं, आता आपण काहीही आणू शकतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोघं अरण्यात शिरले. एका संध्याकाळी कड्यावरून त्यांना खाली घळीत नर दिसला. भरदार मान, शिंगांना बारा फाटे. पुतण्याने बंदूक खांद्याला लावली. नेम सोपा होता.

"गाडी इथून किती लांब?" काकांनी विचारलं.

"अकरा किलोमीटर."

"माझा गुडघा घळीत उतरणार नाही. तुला एकट्याला शंभर किलो आणायचंय. मोज."

पुतण्याने बंदूक न उतरवता मोजलं. पंचवीस किलोंच्या चार फेऱ्या. ओझ्यासह चव्वेचाळीस किलोमीटर, मधल्या तीन परतफेऱ्या रिकाम्या पाठीने तेहतीस. एकूण सत्त्याहत्तर, आणि प्रत्येक ओझ्यामागे चारशे मीटरचा चढ. दिवसाला एक फेरी धरली तर चार दिवस. दुपारी ऊन पंचवीस अंशांवर जात होतं. अशा उन्हात मांडीच्या हाडालगत ऊब कोंडते आणि मांस तिथूनच आंबायला लागतं.

"पण सॅक तर सत्तर किलो पेलते, काका. दोन फेऱ्यांत आणतो!"

"सॅक पेलते. तुझा गुडघा? पट्टा भार खांद्यावरून कंबरेवर नेतो, तो भार कमी नाही करत. कंबरेखाली सगळं तुझंच आहे."

पुतण्याने बंदूक खाली केली. राग काकांवर होता की स्वतःवर, हे त्याला कळेना. त्या रात्री तो तंबूत जेवताना बोलला नाही.

पुढे दोन दिवस काहीच दिसलं नाही. तिसऱ्या पहाटे, गाडीपासून चार किलोमीटरांवरच्या एका सपाट दांडावर, तरुण नर चरत होता. शिंगं बारीक, कोणी भिंतीवर लावणार नाही अशी. एकाच गोळीत तो कोसळला. दोघांनी पोट न फाडता एका कुशीचं कातडं सोललं, फरा आणि मागची तंगडी सुटी केली, पाठीच्या मांसाची लांब पट्टी काढली, मग जनावर उलटवून दुसरी बाजू घेतली. हाडं तिथेच काढून मांस पातळ कापडी पिशव्यांत भरलं आणि सावलीत फांद्यांना टांगून निवू दिलं. प्लॅस्टिक त्यांनी जवळ ठेवलंच नव्हतं. त्यात ऊब अडकते. मांस सत्तर किलोंच्या घरात होतं.

काकांनी पंधरा किलो घेतलं, पुतण्याने अठ्ठावीस. उठायचं कसं, हे काकांनी दाखवलं: उतारावर बसून पट्टे चढवायचे, एका कुशीवर कलून गुडघ्यांवर यायचं, मग काठ्या रोवून उभं राहायचं. अर्ध्या किलोमीटरवरच ओझं डुलायला लागलं. हाड काढलेलं मांस ओल्या पोत्यासारखं खाली बसतं आणि आवळलेले पट्टे सैल पडतात. काकांनी थांबवलं, बकलं पुन्हा ओढली, गाठोडं वर सरकवलं. गाडीपर्यंत असं तीनदा करावं लागलं.

गाडीशी पोचल्यावर काका खाली बसले. त्यांचा गुडघा सुजला होता.

"तंगड्यांचं आणि पाठीचं जे राहिलंय तेवढं आण," ते म्हणाले. "मानेचं आणि बरगड्यांचं ठेवलंस तरी तुला कोणी विचारणार नाही."

दुपार ढळता ढळता पुतण्या परतला. सॅकमधून त्याने सगळ्या पिशव्या काढल्या. मानेच्या आणि बरगड्यांच्या मांसाची पिशवी त्याने काकांसमोर ठेवली. मग तळाशी उरलेलं सामान काढून गाडीच्या फळीवर मांडू लागला: दुसरं जाकीट, जाड विजार, कुऱ्हाड, दिव्याच्या जादा बॅटऱ्या. यातलं काहीही संपूर्ण सहलीत वापरलं गेलं नव्हतं. त्याने तराजू मागितला आणि सगळं एकत्र आकड्याला अडकवलं.

"साडेचार किलो," तो म्हणाला. "मानेचं मांस जवळपास एवढंच आहे, काका. हे घरी ठेवलं असतं तर ते सकाळच्याच फेरीत आलं असतं."